नागपुरातले कोविड निर्बंध आणि ‘आता तरी उघडा’चा वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निर्बंध उठून वर्षं लोटली, पण पानठेल्यावर विषय निघाला की नागपूरकर अजूनही दोन गटांत वाटले जातात. एक म्हणतो, “उगाच बंद ठेवलं बाप्पा.” दुसरा म्हणतो, “तुझ्या घरचं कोणी गेलं असतं म्हणजे कळलं असतं.” मी महाल आणि इतवारीतल्या लहान दुकानांचे हिशेब लिहितो, आणि माझी भाची त्या काळात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, ड्युटीवर होती. त्यामुळं दोन्ही गटांचं भांडण आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत आलेलं आहे. खालचे प्रश्न अशाच लोकांचे आहेत, काहींनी तर ते चार-चारदा विचारलेत. उत्तरात जिथं माझं मत आहे तिथं ते मत म्हणूनच वाचावं.

नागपुरात निर्बंध नेमके कधी सुरू झाले, कधी संपले?

शहरातला पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडला. जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं तोही हाच दिवस. राज्यानं १३ मार्चला १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. देशभरचा लॉकडाऊन २५ मार्चला आला, पण मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर ही शहरं बंद करण्याची घोषणा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २० मार्चलाच केली होती. म्हणजे नागपूर देशाच्या आधीच बंद झालं.

शेवट २०२२ च्या गुढीपाडव्याला झाला. ३१ मार्चला मंत्रिमंडळानं निर्बंध मागे घ्यायचं ठरवलं आणि २ एप्रिलपासून मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. मधल्या दोन वर्षांत किती वेळा उघडलं आणि किती वेळा बंद झालं याची यादी करायला बसलो तर हे पान त्यातच संपेल. बहुतेक लोकांच्या आठवणीत ‘लॉकडाऊन’ म्हणून एकच लांबलचक काळ उरला आहे. खरं तर त्यात निदान चार वेगवेगळे काळ आहेत, आणि प्रत्येकाबद्दलचं भांडण निराळं आहे.

निर्णय कोण घेत होतं? महापालिका, कलेक्टर, पालकमंत्री की मुंबई?

सगळेच, आणि तीच अडचण होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे केंद्रीय गृह मंत्रालय मार्गदर्शक सूचना काढायचं. त्यावर मुख्य सचिवांच्या सहीनं राज्याचा आदेश यायचा. मग शहरापुरता महापालिका आयुक्तांचा आणि ग्रामीणपुरता जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघायचा. खालच्यानं वरच्यापेक्षा कडक व्हावं, सैल होऊ नये, असा दंडक होता. त्यामुळं टीव्हीवर मुंबईत काही सुरू झाल्याची बातमी आली, तरी सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानदाराला आयुक्तांचा कागद हातात पडेपर्यंत शटर वर करता येत नसे. वाडी किंवा कामठीला एक नियम आणि शहराच्या हद्दीत दुसरा, असंही होई.

घोषणा आणि आदेश यांत किती अंतर असतं याचा नमुना ३ जून २०२१ ला बघायला मिळाला. तेव्हाचे मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी नागपूरसह अठरा जिल्हे उघडणार असल्याचं सांगितलं. त्याच संध्याकाळी सरकारनं खुलासा केला की प्रस्ताव विचाराधीन आहे, निर्णय झालेला नाही. दुसऱ्या दिवशी आदेश आला. मधल्या वेळात किती दुकानदारांनी मला फोन केला असेल, विचारू नका. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : “भाऊ, सोमवारी पोरांना कामावर बोलावू का नको?”

सम-विषम ही काय भानगड होती?

जून २०२० मध्ये राज्यानं ‘मिशन बिगिन अगेन’ आणलं. बाजारातल्या रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एका दिवशी आणि समोरच्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडायची, असा त्यातला नियम. मोकळ्या, रुंद रस्त्यावर हे कागदावर बरं दिसतं. इतवारीच्या गल्ल्यांत मात्र कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांवर दोन दारं. त्याचा दिवस कोणता, हे कोणालाच सांगता येईना. शिवाय ग्राहक एकच. त्याला कापड आज मिळणार आणि अस्तर उद्या, म्हणजे तो गर्दीत दोनदा येणार.

मुंढे साहेब बरोबर होते की महापौर?

हा प्रश्न नागपुरात विचारला की चहा गार होतो. तुकाराम मुंढे जानेवारी २०२० मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आले आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यांची बदली झाली. सुरुवातीचे सगळे कडक निर्णय त्यांच्याच काळातले : सतरंजीपुरा, मोमिनपुरा सील होणं, शेकडो लोकांना आमदार निवासासारख्या ठिकाणी विलगीकरणात नेणं, सम-विषमचा आग्रह. महापौर संदीप जोशी आणि त्यांचं पटलं नाही, हे साऱ्या शहरानं पाहिलं. बदली झाली तेव्हा काहींनी सुटकेचा श्वास टाकला आणि काही जण त्यांच्या बाजूनं रस्त्यावर आले.

गंमत अशी की नंतर सप्टेंबरमध्ये रुग्ण रोज दोन हजारांच्या आसपास जाऊ लागले, तेव्हा शनिवार-रविवारी ‘जनता कर्फ्यू’ पाळा असं आवाहन स्वतः महापौरांनी केलं. ते ऐच्छिक होतं आणि प्रतिसाद संमिश्र होता. काही बाजार बंद, काही सुरू. तेव्हा कोण बरोबर हे व्यक्तीवर ठरवू नये. सतरंजीपुऱ्यातल्या माणसाला ‘तुला नेतोय, किती दिवस ते नंतर सांगू’ असं म्हणणं चुकीचं होतं. एप्रिल २०२० मध्ये वस्ती सील करणं मात्र चुकीचं होतं असं मला वाटत नाही.

मार्च २०२१ चा आठवडाभराचा लॉकडाऊन वाया गेला, नाही का?

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण नागपूरचं नाव देशभर गाजलं ते या आठवड्यामुळं.

फेब्रुवारीत विदर्भात रुग्ण वाढू लागले. नागपुरात २२ फेब्रुवारीपासून शाळा-महाविद्यालयं बंद झाली आणि मुख्य बाजार शनिवार-रविवारी बंद ठेवायला सांगितलं. ११ मार्चला पालकमंत्री नितीन राऊत यांनी १५ ते २१ मार्च कडक लॉकडाऊन जाहीर केला. पहिला रुग्ण सापडल्याला त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं. त्या आठवड्यात रोजचे रुग्ण तीन हजारांच्या वर गेले. मग काही सवलती देऊन बंधनं ३१ मार्चपर्यंत लांबवली. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात जिल्ह्याचा रोजचा आकडा सात हजारांवर आणि मृत्यू दिवसाला शंभरावर गेले.

‘वाया गेला’ म्हणणारे हे आकडे दाखवतात. पण आज लागण झालेला माणूस चाचणीत दिसायला आणि दवाखान्यात पोहोचायला आठवडा-दोन आठवडे जातात. त्यामुळं लॉकडाऊनच्या आठवड्यात वाढलेले रुग्ण हे त्याच्या आधीच्या आठवड्यांचे. उलट ‘त्या आठवड्यानं शहर वाचलं’ म्हणणाऱ्यांनाही एप्रिल दाखवून गप्प करता येतं. एका आठवड्याच्या बंदीनं लाट मोडत नाही, थोडी पुढं ढकलली जाते. ढकललेल्या त्या दिवसांत खाटा आणि ऑक्सिजन वाढवले तरच बंदीचा उपयोग. भांडण व्हायला हवं होतं ते यावर : त्या दिवसांत किती खाटा वाढल्या? बाजारात मात्र बोलणं एवढ्यावरच अडलं होतं की दुकान बंद का.

एप्रिलबद्दल माझ्या मनात शंका नाही. भाची रात्री फोन करायची तेव्हा मेडिकलच्या आवारात लोक ऑटोतच पेशंटला सिलिंडर लावून बसलेले असायचे. गंगाबाई घाट, मोक्षधाम, मानेवाडा, सगळीकडं ओट्यांसाठी रांग. त्या महिन्यात दुकान उघडं ठेवायचा हट्ट धरणाऱ्याशी मी वाद घातला नसता, त्याला फक्त घाटावर नेलं असतं.

मग एप्रिलमध्ये व्यापारी रस्त्यावर का उतरले?

कारण त्यांना वाटलं की फसवलं. ४ एप्रिल २०२१ ला राज्यानं ‘ब्रेक द चेन’ जाहीर केलं तेव्हा बातमीचा मथळा होता ‘वीकेंड लॉकडाऊन’. आदेश वाचला तर अत्यावश्यक सोडून बाकी दुकानं पूर्ण आठवडा बंद, तेही महिनाअखेरपर्यंत. नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या संघटनांनी विरोध केला. शहरात साथीचा कहर चालू असताना व्यापारी दुकान उघडा म्हणतात, अशी त्यांची संभावना झाली. पण आदेश नीट वाचून मग चिडलेली हीच माणसं होती. पंधरा दिवसांनी किराण्याच्या दुकानांनाही सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ उरली, आणि त्या चार तासांत किराणा ओळीत जी झुंबड उडायची ती बघून कोणाच्याही मनात प्रश्न येई : हे गर्दी कमी करण्यासाठी चाललंय की गोळा करण्यासाठी?

काहून भाऊ, दुपारी ४ वाजता विषाणूला काय होत होतं?

सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. आणि खरं सांगायचं तर नागपूरच्या रागाचं मूळही इथंच आहे.

जून २०२१ च्या आदेशात पाच स्तर होते. चाचण्यांपैकी किती पॉझिटिव्ह आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरलेल्या, या दोन आकड्यांवर जिल्ह्याचा स्तर ठरायचा. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या खाली आणि खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळजवळ सारं खुलं. दर गुरुवारी आकडे बघायचे, सोमवारपासून नवा स्तर लागू करायचा. वर्षभरात पहिल्यांदाच नियम आणि त्याची कसोटी एकाच कागदावर आली होती. नागपूर ७ जूनला पहिल्या स्तरात आलं. माझ्याकडचे दुकानदार त्या दिवसांत गुरुवारचा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारायचे. नियम त्यांना पटला होता, कारण आपण कुठं आहोत हे त्यांना कळत होतं.

मग २५ जूनला डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीनं राज्यानं नवा आदेश काढला. आकडे कितीही चांगले असोत, कोणत्याही जिल्ह्याला तिसऱ्या स्तरापेक्षा जास्त सूट मिळणार नाही. २८ जूनपासून नागपूर तिसऱ्या स्तरात. दुकानं ४ पर्यंत, शनिवार-रविवार बंद, हॉटेलात निम्म्या खुर्च्या आणि त्याही ४ पर्यंतच, लग्नाला पन्नास माणसं, ५ नंतर फिरायला मनाई. जुलैत नागपूर जिल्ह्यातले रोजचे रुग्ण दोन आकडी होते, काही दिवस तर एक आकडी. कोल्हापूर-सांगलीकडं तेव्हा लाट ओसरली नव्हती. पण नियम दोघांना एकच.

‘दुपारी चार’ मागचा विचार असा की दुकानं कमी तास उघडी राहिली की माणसं कमी वेळा एकमेकांना भेटतील, आणि संध्याकाळची रिकामी भटकंती थांबेल. हा तर्क अगदीच पोकळ नाही. पण तो बाजारात कसा उतरला ते सांगतो. गांधीबागेच्या कापड बाजारात सव्वाचार वाजता सगळी शटर खाली. प्रत्येक दुकानापुढं स्टुलावर एक पोरगा. रस्त्यानं बाई-माणूस चाललं की हळूच विचारायचा, “काय दाखवू ताई, साडी की ड्रेस मटेरियल?” हो म्हटलं की शटरवर दोन टकटक, शटर दीड फूट वर, ग्राहक वाकून आत, शटर पुन्हा खाली. आत गाद्यांवर दहा-बारा माणसं, बंद हवा, मालक कॅमेऱ्यावर रस्ता बघतोय. महापालिकेची गाडी दिसली की आतला दिवासुद्धा विझायचा. हा विषाणू बंद हवेत पसरतो हे तोपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. दार सताड उघडं असलेल्या दुकानापेक्षा ते दीड फुटाचं शटर जास्त धोक्याचं होतं, आणि ते नियमानंच तयार केलं होतं.

३ ऑगस्टपासून दुकानांना रात्री ८ पर्यंत सूट मिळाली. पण हॉटेलं तिथंही ४ वरच अडकली. ज्यांचे हिशेब मी बघतो त्यांत एक सावजी भोजनालय आहे. सावजी खाणारा माणूस दुपारी साडेतीनला येत नाही, तो रात्री नऊला येतो. पार्सलला परवानगी होती, पण रस्सा पिशवीत नेऊन घरी खाण्यात ग्राहकाला मजा नाही आणि मालकाला मार्जिन नाही. वहीत गल्ल्याच्या रकान्यात दिवसेंदिवस शून्य, आणि समोर भाडं, आचाऱ्याचा पगार, वीजबिलातला स्थिर आकार सगळं जागच्या जागी. १५ ऑगस्टपासून हॉटेलांनाही १० पर्यंत वेळ मिळाली तेव्हा त्याचे दोन आचारी गावाकडून परत आलेच नव्हते.

पण तिसरी लाट आली ना शेवटी? म्हणजे सरकार खरं ठरलं.

लाट आली, पण जानेवारी २०२२ मध्ये, आणि ती डेल्टा प्लसची नव्हती, ओमायक्रॉनची होती. नागपुरात रोजचे रुग्ण पुन्हा हजारांत गेले. दवाखान्यात दाखल होणारे मात्र आदल्या एप्रिलच्या तुलनेत फारच थोडे. जुलैतल्या चारच्या शटरनं जानेवारीची लाट थांबली नाही आणि थांबणारही नव्हती.

तरीही डॉक्टरांची बाजू ऐकून घ्या. त्यांनी एप्रिल बघितला होता. जूनमध्ये त्यांना कोणी विचारलं असतं की उघडू का, तर ‘थांबा’ हेच उत्तर आलं असतं, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. भाची तर ऑगस्टपर्यंत आमच्याकडं जेवायला आली तरी अंगणात बसायची. डॉक्टरांनी सावध असावं. सरकारनं त्या सावधपणाची मुदत आणि कसोटी लिहून द्यावी. पाच स्तरांत ती होती, २५ जूनला ती खोडली. माझी तक्रार एवढीच आहे.

आधी दारूची दुकानं उघडली आणि देवळं बंद, हे कसं?

मे २०२० मध्ये राज्यानं दारूविक्रीला वाट करून दिली, कारण तिजोरीला उत्पादन शुल्क हवं होतं. नागपूर शहरात मात्र ती लगेच उघडू दिली नव्हती, नंतर घरपोच विक्रीचा मार्ग निघाला. देवळांसह सारी प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी आणि मुख्यमंत्री ठाकरे यांच्यातला पत्रव्यवहार गाजला. दुसऱ्या लाटेत देवळं परत बंद झाली, ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस भाजपनं राज्यभर शंखनाद आंदोलन केलं, आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी दारं उघडली. टेकडी गणपतीसमोर फुलं विकणाऱ्यांना आणि ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यापुढं चादरी विकणाऱ्यांना या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं दुकान देवाच्या आणि बाबांच्या दारातच आहे, ते दार बंद तर तेही बंद. चर्चा मात्र श्रद्धेची चालली, पोटाची फारशी नाही.

शाळा सर्वांत शेवटी का उघडल्या?

याचं समाधानकारक उत्तर मला कुठंच सापडलेलं नाही. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या, मधे काही वर्गांपुरत्या उघडून फेब्रुवारी २०२१ मध्ये परत बंद झालेल्या शाळांपैकी शहरातल्या आठवी ते बारावीच्या वर्गांना ४ ऑक्टोबर २०२१ ला परवानगी मिळाली. पहिली ते सातवीसाठी राज्यानं १ डिसेंबर २०२१ ची तारीख दिली, आणि तीही अमलात आणायचं स्थानिक प्रशासनावर सोडलं. जानेवारीत ओमायक्रॉननं पुन्हा बंद, २४ जानेवारीपासून पुन्हा स्थानिक निर्णय. म्हणजे पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गात न बसताच दुसरी ओलांडायला निघालं.

मॉल, बार, जिम यांच्यामागं संघटना होत्या, निवेदन घेऊन जाणारे लोक होते. सहा वर्षांच्या मुलाची संघटना नसते. पालकांतही एकमत नव्हतं. धरमपेठेतल्या सोसायटीत ज्यांच्या घरी दोन लॅपटॉप होते ते ‘घाई नको’ म्हणत, आणि जिथं एकच मोबाइल तोही बापाबरोबर कामावर जाई, त्या वस्तीतल्या आईला कोणी विचारलंच नाही.

लग्नाचे लॉन, बँडवाले, कॅटरर यांचं काय झालं?

वर्धा रोड असो की कोराडी रोड, नागपुरात लॉनची रांग आहे. या धंद्याची कमाई लग्नसराईच्या मोजक्या महिन्यांत होते, आणि २०२० व २०२१ या दोन्ही उन्हाळ्यांत तेच महिने गेले. पन्नास माणसांच्या लग्नाला दोन एकरांचा लॉन कोण घेणार? लॉनवाल्यांचं म्हणणं साधं होतं : जागेच्या क्षेत्रफळावर माणसं ठरवा, दोनशे चौरस फुटांच्या हॉलला आणि उघड्या मैदानाला एकच आकडा नको. मला ते आजही पटतं. ॲडव्हान्स परत करण्यावरून जी भांडणं झाली ती काही घरांत अजून मिटलेली नाहीत.

मास्कचा दंड परत मिळेल का?

नाही. महापालिकेच्या उपद्रव शोध पथकानं फाडलेल्या पावत्यांचे पैसे परत करायची कुठलीही योजना आलेली नाही. दंड आधी २०० रुपये होता, सप्टेंबर २०२० पासून ५००. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) थुंकायला मास्क खाली ओढला आणि तेवढ्यात पथक आलं, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की सहानुभूती संपली.

लस सक्तीची होती का? घेतली नाही म्हणून अडवणं कायदेशीर होतं?

कागदावर सक्ती कधीच नव्हती. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ च्या आदेशानं मॉल, कार्यक्रम, सार्वजनिक वाहतूक यांसाठी दोन डोसची अट आली. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला : कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, आणि रुग्णसंख्या कमी असताना लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणशीर नाहीत. लस धोरण चुकीचं आहे असं मात्र न्यायालयानं म्हटलं नाही, उलट ते वाजवी ठरवलं. व्हॉट्सॲपवर या निकालाचा फक्त पहिला भाग फिरतो.

नागपूरच्या दृष्टीनं आणखी एक : मार्च २०२२ च्या सुरुवातीला राज्यानं चौदा जिल्ह्यांना जास्त सूट दिली तेव्हा त्यांत नागपूर होतं. पहिला डोस ९० टक्के, दुसरा ७० टक्के, पॉझिटिव्हिटी १० टक्क्यांच्या खाली, खाटा ४० टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या, अशी ती कसोटी होती. लिहिलेली, मोजता येणारी. त्या वेळी नागपुरात फारसं कोणी भांडलं नाही.

मारबत आणि दीक्षाभूमीच्या कार्यक्रमांचं काय झालं होतं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवत नेण्याची ही शंभर वर्षांहून जुनी परंपरा. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. रोगराई, इडा-पीडा घेऊन जा म्हणत ही मिरवणूक निघते. खऱ्या रोगराईच्या दोन वर्षांत तिच्यावरच बंधनं आली, आणि या विरोधाभासावर महालातल्या लोकांनी मनसोक्त विनोद केले. मिरवणुकीतल्या बडग्यांवर, म्हणजे टीकेसाठी केलेल्या पुतळ्यांवर, कोणाचं नाव टाकायचं याची यादी तेव्हा फार लांब झाली असती.

दीक्षाभूमीचा प्रश्न विनोदाचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. २०२० मध्ये मुख्य सोहळा झाला नाही, २०२१ मध्येही नेहमीसारखा झाला नाही. वादही इतर ठिकाणांपेक्षा कमी झाला, लोकांनी घरूनच वंदना केली. त्या दिवसावर वर्षाची कमाई काढणाऱ्या पुस्तकविक्रेत्यांना मात्र दोन वर्षं गेली ती गेलीच.

हिवाळी अधिवेशन मुंबईला नेण्यामागं कोविड हे फक्त निमित्त होतं का?

२०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं हिवाळी अधिवेशन मुंबईत झालं. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथं घेण्याचं ठरलं होतं, म्हणून विदर्भात हा विषय नाजूक आहे. डिसेंबर २०२० पुरतं कारण खरं होतं. आमदार निवास विलगीकरणात वापरलं गेलं होतं आणि यंत्रणा थकलेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये, शहरातली थिएटरं आणि बाजार उघडे असताना, ‘नागपूरला जमणार नाही’ हे ऐकून लोक का चिडले ते समजायला अवघड नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अधिवेशन परत आलं, आणि सिव्हिल लाइन्समधले बंद रस्तेसुद्धा.

माझ्यावर तेव्हा १८८ खाली गुन्हा दाखल झाला होता. तो गेला का?

आपोआप नाही. २१ मार्च २०२० ते ३१ मार्च २०२२ या काळात लॉकडाऊनचे नियम मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली दाखल झालेले गुन्हे मागे घ्यायचं राज्यानं ठरवलं. पण सरकारी किंवा आघाडीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यावर हल्ला असेल, किंवा मालमत्तेचं नुकसान ५० हजारांपेक्षा जास्त असेल, तर ही सूट नाही. खटला न्यायालयात गेला असेल तर सरकारी वकिलामार्फत न्यायालयाची परवानगी लागते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपलं नाव टाकून बघा. पासपोर्टच्या पोलिस पडताळणीत हे अचानक समोर आल्याची उदाहरणं माझ्याच ओळखीत आहेत.

आता तरी सगळं उठलं ना? की काही उरलंय?

एक गोष्ट उरली आहे, आणि ती नागपूरच्या म्हाताऱ्यांना रोज आठवते. रेल्वेनं २० मार्च २०२० पासून ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत थांबवली. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना ५८ नंतर ५० टक्के सूट होती. अनावश्यक प्रवास टाळावा हे कारण तेव्हा सांगितलं गेलं. महासाथ संपली, जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, गाड्यांत चादरी-उशाही परत आल्या. सवलत मात्र आली नाही. आता कारण रेल्वेवरच्या बोजाचं सांगतात. ते खरंही असेल, पण मग महासाथीच्या नावानं काढलेला आदेश तसाच चालू ठेवायचा कशाला? सवलत रद्द केली असं सरळ म्हणावं, म्हणजे लोक सरळ भांडतील.

तोवर एवढं लक्षात ठेवा. दिव्यांगांच्या चार, रुग्णांच्या अकरा आणि विद्यार्थ्यांच्या आठ प्रकारांना रेल्वेची सवलत अजून आहे. ज्येष्ठांना भाड्यात सूट नसली तरी खालच्या बर्थचा कोटा आहे, तिकीट काढताना वय बरोबर टाका. आणि वर्धा-अमरावतीपर्यंतच जायचं असेल तर गणेशपेठला जाऊन एसटी धरा. तिथं ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीनंतर फुकट. आधार कार्ड जवळ असू द्या, कंडक्टर मागतो.